शिंप्याने उसवलेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. मला आठ काड्या आहेत आणि प्रत्येक काडीला एक आठवण बांधलेली आहे. दोन काड्या मोडल्यात. तिथे गोष्ट गळेल, सांभाळून घ्या.

पहिली काडी. कारखाना. माझ्यासारख्याच शंभर बहिणी, मिटून निजलेल्या.

दुसरी. एका शिंप्याने मला घेतलं. "काय ऐट आहे!" म्हणाला. कितीतरी पावसाळे मी त्याच्या डोक्यावर फुलले.

तिसरी मोडली.

चौथी. कपाटामागचा अंधार. कसरीने कुरतडून माझी चाळणी केली.

पाचवी. ही जरा लांब आहे. शिंप्याच्या ताईने गच्चीवर, कुंडीत घेवडा पेरला होता. आईने जपलेल्या बियांतल्या या शेवटच्या सात. उगवल्या चार. शेंग धरली नाही, तर आईचा घेवडा संपला. उन्हाळा असा की फुलं यायची आणि दुपारच्या झळांनी टपटप गळायची. ताईने मला काठीला बांधून वेलांवर उघडलं. माझ्या भोकांतून उन्हाचे ठिपके पानांवर उतरले, हळूहळू सरकू लागले. मला वाटलं, मी आभाळ आहे आणि भरदुपारी माझ्यात चांदण्या उगवल्यात. फुलं टिकू लागली.

सहावी. शिंपी गच्चीवर आला. भोक दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. त्याने मला खाली नेलं, भोकन् भोक ठिगळांनी बुजवलं आणि परत बांधलं. मी हरखले! पण वेल फिकट पडले. उजेडाच्या दिशेने माना वाकड्या करून नुसते लांबत गेले. कळ्या येईनात.

"अरे शहाण्या, छत्री शिवायला कुणी सांगितलं होतं?"

"भोकं होती गं, ताई."

"त्या भोकांतूनच तर जेवत होती माझी पोरं! उसव."

"जन्मात कधी भोक ठेवलं नाही मी."

"मग आता ठेव. आईसाठी."

सातवी मोडली. बहुधा उसवताना.

आठवी. शिंपी गच्चीवरच बसून एकेक टाका सोडवत होता. चांदण्या परत आल्या, मग कळ्या. शेवटी एकच शेंग धरली. दोघांनी ती वेलावरच वाळू दिली. ताईने ती कानाशी हलवली, मग भावाच्या कानाशी. आत पाच बिया खुळखुळल्या.

मित्रांनो, घरात काही फाटकं दिसलं तर लगेच फेकू नका. लगेच शिवूही नका. आधी थोडा वेळ त्याच्याखाली बसून बघा.