प्रभावतीचं वाक्य

दर रविवारी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर उर्वशीचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. बाया सात, फळा एक. नियमही एकच: वाक्य आपल्या घरचं पाहिजे, पुस्तकातलं चालणार नाही.

त्या रविवारी फळ्यावर आलं ‘पुट अप विथ’. आवडत नाही, तरी मुकाट सोसायचं, असा त्याचा अर्थ. जयानं नवऱ्याचं घोरणं सांगितलं, बाया हसल्या. प्रभावतीला काही सुचेना.

“मले काही सोसावंच लागत नाही व पोरी.”

“मावशी, विहारातली मूर्ती दिवसातून किती डाव पुसता?”

“तीनदा. धूळ बसते ना.”

उर्वशीनं फळ्यावरच्या शब्दाखाली रेघ ओढली. “पौर्णिमेपर्यंत वाक्य आणा,” एवढंच म्हणाली.

प्रभावती शाळेत खिचडी शिजवायची. शब्द ध्यानात राहावा म्हणून ढवळता ढवळता तिनं त्याची ओवी बांधली:

पुट अप विथ बाई, सोसणं त्याचं नाव,
काळ्या धुळीखाली, पांढरा माझा गाव.

ओवी आली, वाक्य काही येईना.

पौर्णिमेला बाया पांढऱ्या साड्या नेसून जमल्या. वंदना आटोपते न आटोपते तोच वणी रस्त्यावरच्या कोळसा डेपोचा साहेब आला. डेपो विहाराच्या भिंतीपर्यंत वाढवायचा होता. संमतीच्या कागदावर पहिली सही हवी होती विहार समितीच्या अध्यक्षेची, म्हणजे प्रभावतीची. बायांनी खुर्ची दिली, चहा दिला.

“ताई, रोज पाणी मारू. धूळ उडणारच नाही,” म्हणत त्यानं तिच्या हाती पेन दिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बायांच्या देखत खुशाल इंग्रजीत बोलला, “डोन्ट वरी सर. दे विल पुट अप विथ इट. दे ऑलवेज डू.”

प्रभावतीचा हात थांबला. तिनं पदर पाहिला. सकाळी नीळ घालून धुतलेला, अर्ध्या तासाच्या वंदनेत राखाडी झालेला.

“साहेब, चहा थंडा होऊन राह्यला,” ती म्हणाली. मग एकेक शब्द ठेवत गेली, “वुई पुट अप विथ युवर डस्ट. ट्वेंटी इयर्स. नाऊ वुई विल नॉट.”

साहेबानं बशी खाली ठेवली. “मॅडम, तुमचा गैरसमज होतोय.”

“आत्ता ताई होतो, लगेच मॅडम झालो?” बाया खुदखुदल्या. “वाक्य सापडत नव्हतं मले. तुमीच देल्लं.”

“सही नाही केली तरी काम थांबणार नाही.”

“मंग कागद कायले आणला?”

प्रभावतीनं कागदावर आडवी रेघ मारली, तो उलटा केला आणि पाठीवर फळ्यावरच्यासारखं मोठं अक्षर काढून तेच वाक्य लिहिलं.

“इंग्रजीतच लिवतो. तुमच्या फोनवरच्या साहेबाले वाचता येईन.”

‘नॉट’खाली तिनं दोन रेघा ओढल्या, सही केली आणि पेन जयाकडे सरकवला. सातही सह्या झाल्या, तेव्हाच साहेबाला त्याचा पेन परत मिळाला.