अप्पा मॅच बघतात

धाकट्यानं मोबाइल सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला. तो घसरला. मग त्यानं तो मीठ आणि मिरपुडीच्या डब्यांच्या मध्ये खोचून बसवला, स्पीकर सुरू केला आणि खुर्ची पुढे ओढली.

"अप्पा, लागली का मॅच?"

"केव्हाची. तूच उशीर केलास," अप्पांचा आवाज आला. "टॉस हरले बघ. हे कायमचेच हरणारे."

टॉस आपली टीम जिंकली होती. पण टॉसच्या बाबतीत अप्पांचं आधीपासूनच असं. त्यांच्या मते आपली माणसं जिंकली तरी हरल्यासारखीच. धाकटा हसला आणि त्यानं बटाट्याचा एक तुकडा तोंडात टाकला.

रविवारी दुपारी तो इथं यायचा. बार म्हणजे एक मोठा हॉल होता. चारही भिंतींवर पडदे, मधोमध लांबलचक लाकडी काउंटर, छताला कुठल्या कुठल्या संघांचे झेंडे टांगलेले. सगळ्यात मोठ्या पडद्यावर इथल्या लोकांचा खेळ चालायचा, ज्याचे नियम धाकट्याला इतक्या वर्षांत समजले नव्हते आणि समजून घ्यायची हौसही उरली नव्हती. क्रिकेट लागायचं ते सर्वांत लहान पडद्यावर, स्वच्छतागृहाच्या दाराजवळच्या कोपऱ्यात. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या बाईला क्रिकेट हवंय हे सांगायला त्यानं हातानं बॅट फिरवून दाखवली होती, तेव्हा तिला वाटलं हा फरशी पुसायची काठी मागतोय. पण बाई भली होती. तेव्हापासून तो दारात दिसला की ती न विचारता कोपऱ्यातला पडदा बदलायची, आणि लिंबू पिळलेला सोडा आणि तळलेले बटाटे आणून ठेवायची. त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तो तिच्या लेखी कोपऱ्यातला माणूस होता, आणि हा माणूस बोलत नाही हेही तिनं मान्य करून टाकलं होतं.

तसा तो कुठंच फार बोलत नसे. लिफ्ट दुरुस्तीचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत, दोन मजल्यांच्या मध्ये, टॉर्च दातांत धरून. आई म्हणायची, बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. माझ्या घरात गव्हाची दोन पोती आहेत, एक मोठं आणि एक धाकटं. मोठं पोतं म्हणजे अप्पा.

आई होती तोवर हे खपून गेलं. फोन तिच्या हातात असायचा, तीच दोन्हीकडचं बोलायची. ती गेल्यावर बाप-लेकांची पंचाईत झाली. जेवलास का, जेवलो, तुम्ही जेवलात का, जेवलो, थंडी आहे का तिकडं, आहे, बरं मग दादाला देऊ का. एवढ्यात संभाषण आटोपायचं आणि फोन ठेवल्यावर दिवसभर धाकट्याला चुटपुट लागून राहायची. मग एका रविवारी सहज म्हणून त्यानं या बारमधून फोन केला, समोर मॅच चालू होती, तिकडंही तीच चालू होती, आणि अप्पा चक्क बोलायला लागले. अमक्याला कशाला घेतलं, तमक्याचा पाय बघ कसा अडकतो, तुझा तो शाळेतला मास्तर असाच खेळायचा, तुला आठवतं का. पूर्ण डाव संपेपर्यंत बोलले. त्या रात्री धाकट्याला गाढ झोप लागली. तेव्हापासून आठवडाभर तो या एका दुपारची वाट बघायचा.

आधी व्हिडिओ असायचा. मग अप्पांनीच तो बंद करायला लावला. मी मॅच बघू की तुझं थोबाड, म्हणाले. तेही खरंच. वहिनीच्या आईला, म्हणजे अप्पांच्या विहीणबाईंना, आजारपणामुळं घरी आणलं होतं, त्यांना गोंगाट सोसत नाही, म्हणून टीव्हीचा आवाजही बंद ठेवतो, असं अप्पांनी सांगितलं होतं. आवाज नसला तर काय बिघडलं, मला काय त्या बडबड्यांकडून क्रिकेट शिकायचंय?

धाकट्याच्या शेजारच्या टेबलावर टॅक्सीवाल्यांचं एक टोळकं बसायचं. निरनिराळ्या देशांचे, पण क्रिकेटवेडे. चौकार गेला की ते टेबल बडवायचे, विकेट पडली की कपाळ. त्यांचा गलका उठला की क्षणभरानं अप्पा म्हणायचे, "बघितलंस? म्हटलं नव्हतं?" धाकट्याचा हिशेब असा होता की इथलं प्रक्षेपण घरच्यापेक्षा थोडं पुढे असावं. म्हणून तो स्वतः मूग गिळून बसायचा. सांगण्याचा आनंद अप्पांना मिळू दे. आपण एवढं तरी त्यांच्यासाठी करतो, असं त्याला मनातल्या मनात वाटायचं.

आज ते टेबल रिकामं होतं. टॅक्सीवाल्यांच्या पाळ्या बदलल्या, असं काउंटरवरच्या बाईनं घड्याळाकडं बोट दाखवून, काल्पनिक स्टिअरिंग फिरवून समजावलं.

अप्पाही आज जरा कमी बोलत होते. धाकट्याला वाटलं, दमले असतील. षटकं संपत होती. खेळाडू पाणी प्यायला थांबले, कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी ग्लोव्हज बदलले. तेवढ्यात मोठ्या पडद्यासमोरची सगळी मंडळी एकदम उठून उभी राहिली आणि हॉल दणाणून गेला. इथल्यांनी त्यांच्या खेळात काहीतरी साधलं होतं.

"गेला!" मिठाच्या डबीजवळून अप्पा म्हणाले. "काय मारलाय. थेट बाहेर. बघितलंस? म्हटलं नव्हतं?"

धाकट्यानं पडद्याकडं बघितलं. फलंदाज बाटलीचं झाकण लावत होता.

त्याचा हात बटाट्यांच्या ताटलीवर तसाच राहिला. प्रक्षेपण मागून येतं, उशिरा येतं, हे सगळं त्यानं मनात फिरवून पाहिलं, पण गेल्या कितीतरी वेळात एकही चेंडू सीमेबाहेर गेलेला नव्हता. मग त्यानं जे केलं त्याची त्याला पुढं बरेच दिवस लाज वाटत राहिली.

"अप्पा," तो म्हणाला, "तो डावखुरा दमलेला दिसतो, नाही?"

"दमणारच," अप्पा म्हणाले. "एवढ्या उन्हात उभं राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे?"

सामना दुसऱ्याच देशात होता, तिथं मैदानावर केव्हाचे दिवे लागले होते. आणि खेळणारे दोघंही उजव्या हातानं खेळणारे होते.

"हो ना," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, एका इमारतीच्या गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनखोलीत बसून त्यानं थोरल्या भावाला फोन लावला. आडून विचारायचं असं ठरवलं होतं, पण त्याला आडून विचारता येत नसे. घरी टीव्ही आहे का, असं त्यानं सरळच विचारलं.

दादा म्हणाला, आहे, माळ्यावर आहे. विहीणबाईंचा पलंग हॉलमध्ये लावावा लागला, डॉक्टर येतात-जातात, उजेडानं त्यांना त्रास होतो, त्यामुळं टीव्ही काढला. याला झाले बरेच महिने. अप्पांनीच काढायला लावला. धाकट्यानं विचारलं, मग त्यांच्या खोलीत दुसरा का नाही घेतला, मी देतो. दादाला ते लागलं. तो तुटकपणे म्हणाला की तुझ्या देण्यावाचून अडलेलं नाही.

"आणला होता मी नवा," तो म्हणाला. "खोक्यासकट परत पाठवला त्यांनी. म्हणाले, भिंतीपलीकडं त्या बाई कण्हतायत आणि मी इकडं मॅच बघत बसू? त्या मुलीकडं आल्यात रे, आधीच संकोचलेल्या आहेत. बरं दिसतं का?"

"रेडिओ तरी."

"तेही नको. तुझा फोन आला की गॅलरीत जाऊन बसतात. पोराशी बोलतोय म्हटल्यावर त्यात कोणाला काय वावगं वाटणार? तिकडचा आवाज येतो म्हणाले, कळतं साधारण."

धाकट्यानं विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

दादानं सुस्कारा सोडला. "मी सांगणार होतो. मला शपथ घातली. म्हणाले, मॅच नाही म्हटल्यावर तो काय बोलणार माझ्याशी?"

फोन ठेवल्यावर धाकटा बराच वेळ मशीनखोलीत बसून राहिला. खाली कोणीतरी बटण दाबलं, मोठं चाक फिरायला लागलं, थांबलं, पुन्हा फिरलं. त्याला घरी जावंसं वाटलं. त्या गॅलरीत अप्पांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकावी आणि काहीही न बोलता संध्याकाळभर बसावं. समोरासमोर बसलेल्यांना न बोलता चालतं. फोनवर गप्प राहिलं की लोक फोन ठेवतात.

आठवडाभर तो काम करताना विषय शोधत होता. मॅच बाजूला ठेवून अप्पांशी काय बोलता येईल? त्यानं लिफ्टच्या शाफ्टमध्ये उभं राहून वाक्यं जुळवून पाहिली. अप्पा, मला सगळं कळलंय. हे तर मुळीच नको. झाकली मूठ होती, ती उघडली की अप्पा लाजेनं पुन्हा फोनवर यायचेच नाहीत, एवढं तो आपल्या बापाला ओळखून होता. अप्पा, तुमची आठवण येते. हे वाक्य त्याच्या घरात आजवर कोणी कोणाला म्हटलेलं नव्हतं. शेवटी जेवलात का एवढंच उरलं.

रविवारी तो वेळेआधी गेला. टॅक्सीवाल्यांचं टेबल रिकामंच होतं. मोठ्या पडद्यावर आज काही महत्त्वाचं नसावं. आठ-दहा माणसं आपापल्या प्लेटीत तोंड घालून बसली होती. बाईनं कोपऱ्यातला पडदा बदलला. त्यानं मोबाइल डब्यांच्या मध्ये उभा केला.

"लागली का, अप्पा?"

"लागली की," अप्पा म्हणाले. आज ऐकताना धाकट्याला त्यांच्यामागं एक स्कूटर गेल्याचं कळलं, कुठं तरी भांडं घासल्याचं कळलं. हे आवाज आजवर येत नव्हते असं नाही.

सलामीच्या फलंदाजानं एक सुरेख चौकार मारला. बारमध्ये कोणी हूं केलं नाही. फोनमधूनही काही नाही. थोड्या वेळानं अजून एक. मग एक विकेट. धाकटा पडद्याकडं बघायचा, मोबाइलकडं बघायचा. सुरीनं सॉस पसरवायचा. पलीकडं एक म्हातारा माणूस फोन कानाला लावून, दुसऱ्या कानावर हात दाबून बसलेला असणार, हे त्याला दिसत होतं.

"थंडच चाललीय आज," अप्पा जपून म्हणाले.

"हो."

"बरं." मग जरा थांबून, "जेवलास का तू?"

यापुढचं त्याला पाठ होतं. जेवलो, तुम्ही जेवलात का, थंडी आहे का, दादाला देऊ का. पडद्यावर गोलंदाज धावत निघाला होता. फलंदाजानं एक पाऊल पुढं टाकलं, बॅट फिरवली, आणि चेंडू वर, आणखी वर जात राहिला.

धाकटा खुर्ची मागं सारून उभा राहिला आणि ओरडला.

"गेला! अप्पा, गेला! पार बाहेर!"

आवाज फाटला. इतकी वर्षं न वापरल्यामुळं असेल. सगळ्यांच्या माना वळल्या. काउंटरवरच्या बाईच्या हातातला ग्लास पुसायचा राहिला. जवळच्या टेबलावरच्या एका गृहस्थानं, याच्यावर काय आनंदाचा प्रसंग आलाय ते न कळून, आपला ग्लास सभ्यपणे उंचावला. धाकट्याचे कान तापले होते. पण तो बसला नाही. त्यानं टेबलावर थाप मारली, टॅक्सीवाले मारायचे तशी, आणि पुन्हा एकदा ओरडला.

फोनमधून फक्त गॅलरीखालची एक स्कूटर ऐकू आली.

"ओरडतोस काय असा?" अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी बघतोय ना."

"हो अप्पा. राहवलं नाही."

"चारचौघात बसलायस. लोक काय म्हणतील."

"हो."

धाकटा खाली बसला. बाईनं ग्लास पुसायला घेतला, माना पुन्हा प्लेटींकडं वळल्या. त्यानं सोड्याचा ग्लास हातात धरला, पण तो प्यायला नाही. आपण चुकलो असं त्याला वाटलं. अप्पांना कळलं, आणि आता ते फोन ठेवतील. पुढचा चेंडू झाला. त्याच्या पुढचा झाला. फलंदाजानं तो हलकेच कडेनं काढला आणि चेंडू हिरवळीवरून पळत सीमेपार गेला. धाकट्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अप्पा खाकरले.

"काय रे," ते म्हणाले, "गप्प का झालास?"