कुरणाचा तह

ड्रेस्डेनजवळच्या एका कुरणावर दर जूनमध्ये तीसेक जर्मन माणसं डोक्याला पिसं लावून दोन दिवस तंबूत राहतात आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दल मनापासून हळहळतात. रीतसर नोंदलेला फेराइन, म्हणजे हौशी मंडळ, आहे, वर्गणी आहे, निघताना कचरा चार डब्यांत वेगळा होतो. त्यांचे अध्यक्ष, म्हणजे टोळीचे सरदार, शशिधर पाटणकर. तरुणपणी इंजिनिअरिंग शिकायला आले ते इथलेच झाले. त्यांचा रंग आणि नाक पाहून फेराइनने त्यांना एकमताने निवडलं होतं.

दरवर्षी तिथे तहाचं नाटक होतं. त्यात जमीन कंपनीचा दलाल व्हायला कुणीच तयार नसतं. म्हणून यंदा ते काम सरदारांच्या जावयाच्या, यशोधनच्या गळ्यात पडलं. काळा कोट, उंच हॅट. एकट्या सरदाराची सही घ्यायची की अख्ख्या टोळीची जमीन गेली. तेव्हाचे अमेरिकेतले जमिनीचे सट्टेबाज असंच करायचे. सही करेल असा एक माणूस गाठायचा, त्यालाच राजा ठरवायचं, आणि जमीन पाहायच्या आधीच ती पुढच्याला विकून टाकायची.

यशोधनला घाम फुटला होता तो कोटामुळे नव्हे. तो कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात जागा मिळवायच्या विभागात होता, आणि कारखान्याला पार्किंगसाठी हेच कुरण हवं होतं. कुरणाचा मालक विकायला राजी होता. वापराचा हक्क सोडल्याची फेराइनच्या अध्यक्षांची सही तेवढी राहिली होती. सासरेच आहेत ना तुमचे, असं साहेब म्हणाले होते. यशोधनची प्रोबेझाइट, म्हणजे नोकरीतला परीक्षेचा काळ, महिनाअखेर संपत होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, ते या सहीवर ठरणार होतं. घरी बायकोला, उर्जाला, सातवा महिना. आठवडाभर त्याने सासऱ्यांना रोज फोन लावला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला. शेवटी नाटकातल्या कागदाखाली खरा कागद दडवून तो आला.

तह मोठ्याने वाचायची रीत होती. खोटा वाचून खालच्यावर सही घ्यायचा बेत होता; पहिल्या ओळीनंतरच त्याने तो खोटा बाजूला ठेवला. मग त्याने खालचा काढला आणि तोच वाचला, पार्किंगच्या जागांसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंदाचं लेखन ताजं आहे, असं एक बाई म्हणाल्या.

शशिधरनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी पेन मागितलं.

"बाबा, सही करू नका," यशोधन मराठीत म्हणाला. "खरा आहे तो."

किती अस्सल भाषा, असं मागे कुणीतरी कुजबुजलं.

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून. नाही केली तर?"

"नोकरी जाईल. उर्जाला काही सांगितलेलं नाही."

"आणि केली तर ही माणसं पुढच्या जूनमध्ये जाणार कुठे?"

हे साहेबांना कुणी विचारलंच नव्हतं. यशोधननेही नाही.

शशिधरनी टोळीकडे पाहिलं. पिसं सावरत सगळे खुशीत वाट पाहत होते. मग शशिधरनी सही केली, पूर्ण नावाची, खाली तारीख घालून.

"चेहरा जरा हसरा ठेवा, जावईबापू," ते म्हणाले. "अजून यांच्यातच बसून जेवायचंय आपल्याला."

टोळीने जल्लोष केला आणि सरदाराच्या सहीखाली आपापली खूण करायला शिस्तीत रांग लावली. पहिला एक निवृत्त दंतवैद्य होता. सहीऐवजी कासव काढलं तर चालेल का, असं त्याने यशोधनला अदबीने विचारलं.