एक्क्याण्णव की पंच्याण्णव?

मी विसरलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. मागच्या महिन्यात माझ्या पेट्रोलच्या पिकअपमध्ये डिझेल गेलं ते पंपवाल्यांच्या अतिशहाणपणामुळे. इतकी वर्षं माझ्या पेट्रोलची नळी हिरवी होती. मी खिडकीतून मान बाहेर काढून 'हिरवी' म्हणायचो, टाकी भरायची, विषय संपायचा. मग कुणाला तरी रंग बदलायची हुक्की आली आणि हिरवी नळी डिझेलला गेली. मी म्हटलं 'हिरवी', पंपवालीने हिरवी घातली. जुन्या गाडीच्या टाकीचं तोंड ऐसपैस, त्यात कसलीही नळी जाते. गाडी धूर ओकत, खोकत चौकापर्यंत गेली आणि तिथे बसली ती बसलीच.

थोरल्या लेकीने येऊन ती गॅरेजात ओढून नेली. मेकॅनिकने टाकी रिकामी केली. थोरली ओरडली नाही. ओरडली असती तर मी दुप्पट ओरडलो असतो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आता एकदा जरी असं झालं ना, तर किल्ली माझ्याकडे."

"रंग त्यांनी बदलले!"

"आणि मागे तुम्ही गाडी बाजारात लावून पायी घरी आलात, तेव्हा कुणी काय बदललं होतं?"

पोरांना बोलायला आपणच शिकवतो, मग भोगा.

मी काचकाम करतो. खिडक्यांची तावदानं, दुकानांच्या दर्शनी काचा, आरसे. पिकअपच्या मागे काच उभी ठेवायला लाकडी घोडी बसवली आहे. किल्ली गेली की गाडी गेली, गाडी गेली की काचा गेल्या, आणि मग मी दिवसभर घरात बसून कुणाच्या डोक्याला ताप देणार? हा प्रश्न माझा नाही, माझ्या बायकोचा आहे.

मोठी काच एकट्याने हलत नाही. एक टोक माझं, दुसरं हिचं, लग्न झाल्यापासून असंच चालू आहे. मी 'उचल' म्हणतो, ती उचलते. ती 'टेकवा' म्हणते, मी टेकवतो. मध्ये चकार शब्द नाही. काच घोडीवर चढली, दोऱ्या आवळल्या की ही शेवटी गाडीत बसते आणि खिडकीतून हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारते. दोन थापा म्हणजे निघा. मी तिच्याकडे वळूनही बघत नाही. माझे डोळे आरशात, मागच्या काचेवर.

तर त्या दिवशी चढावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे खिडकीची मोठी काच पोचवायची होती आणि गाडीच्या टाकीत खडखडाट होता. पेट्रोल भरणं आलं. आता नळ्यांवर आकडे आहेत. एक्क्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. माझ्या गाडीला कुठलं लागतं ते मला ठाऊक होतं, फक्त रंगात ठाऊक होतं. आकड्यात विचाराल तर डोकं नुसतं भणभणत होतं.

मेकॅनिकला सरळ विचारायची सोय नव्हती. तो आणि थोरली एका वर्गात होते, लगेच तिच्या कानावर घालणार. म्हणून मी आदल्या दिवशी आडून विचारलं, "लोक हल्ली काय घालतात रे?"

"ते इंजिनावर आहे काका."

"समजा, माझ्यासारखं इंजिन असेल तर?"

"तुमच्यासारखं म्हणजे तुमचंच ना?"

"तुला समजा म्हटलं की समजत नाही का?"

तो हसला. म्हणाला, एक्क्याण्णव चालतं, पण ओझं वाहायचं असेल तर वरचं घाला. वरचं म्हणजे एक वर की दोन वर, हे विचारलं असतं तर बिंग फुटलं असतं. शेजारचे मास्तर म्हणाले, "अठ्ठ्याण्णव! आकडा मोठा तेवढं पेट्रोल चोख." मास्तरांकडे सायकल आहे. जावईबापूंनी तर तासभर शिकवणीच घेतली. तो आकडा ताकदीचा नसतो म्हणे, दाब सोसायचा असतो, आणि आपल्या गाडीला केवढा लागतो ते टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. मी तडक जाऊन झाकण उघडलं. आत चिकटपट्टी होती. त्यावर नऊ ठळक दिसत होता आणि पुढचा आकडा पेट्रोल सांडून सांडून साफ पुसला गेला होता. तिन्ही आकड्यांची सुरुवात नऊनेच आहे! हात्तिच्या, मी म्हटलं, आणि झाकण आपटलं.

सकाळी काच चढवून निघालो. वाटेत ही म्हणाली, "अहो, पंपावर सरळ विचारा ना."

"काय विचारू? माझी गाडी काय पिते ते त्या बाईला विचारू?"

"मग मी थोरलीला फोन करते."

"खबरदार!"

झालं. हिने तोंड खिडकीकडे फिरवलं. हिचा अबोला म्हणजे साधा नव्हे. एकदा धरला की चूल पेटते, ताट येतं, पण शब्द येत नाही.

पंपावर रांगेत उभे राहिलो. ही एवढंच म्हणाली, "तोंड धुऊन येते, थांबा." मी 'हो' म्हटलं. म्हटलं असणारच. मी उतरून पुन्हा झाकणात डोळे घालत होतो, जसा काही तो आकडा रात्रीतून उगवणार होता.

पंपवाली तीच, डिझेलवाली. "काका, आज कुठली?" तिने विचारलं, आणि हसली. एक्क्याण्णव म्हणावं तर चूक, अठ्ठ्याण्णव म्हणावं तर चूक, नुसतं उभं राहावं तर मागचे हॉर्न वाजवतायत. किल्ली मुठीत होती आणि मूठ घामाने ओली झाली होती. एवढ्यात मागचा टेम्पो जरा पुढे सरकला आणि त्यातल्या रिकाम्या बाटल्या किणकिणल्या.

काचवाल्याचा कान आहे माझा. गाडीत कुठेही काही वाजलं की छातीत धस्स होतं. आणि तो आवाज ऐकला मात्र, मला तो चढ आठवला. फार मागची गोष्ट. गाडी तेव्हा नवी होती, मागे मोठा आरसा होता, आणि चढाला लागल्यावर टक टक टक असा आवाज यायला लागला. आम्ही थांबलो. एकूण एक दोरी तपासली. ही आरशाला कान लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आरसा गप्प आहे. इंजिन बोलतंय." मग या मेकॅनिकच्या बापाने सांगितलं होतं, हलकं पेट्रोल घालता, ओझं घेऊन चढ चढताना इंजिन असंच ठोकणार, पंच्याण्णव घाला. तेव्हा पंच्याण्णवची नळी हिरवी होती म्हणून मी हिरवी पाठ केली!

"पंच्याण्णव!" मी असा ओरडलो की टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला. "टाकी फुल!"

पैसे दिले, ऐटीत गाडीत बसलो. पंपवालीने झाकण लावलं आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. मी निघालो.

चढभर मी बोलत होतो. "बघ, आहे का टकटक? तू आरशाला कान लावला होतास, आठवतंय? निळी ओढणी होती तुझी. आणि म्हणे थोरलीला फोन करते! माझं डोकं अजून ठणठणीत आहे, सांग तिला." डोळे आरशात होते, काचेवर. डाव्या बाजूला डोळ्याच्या कोपऱ्यात हिची पिशवी दिसत होती. उत्तर नव्हतं, पण अबोल्यात उत्तर कुठून येणार? इंजिन कसं लोण्यासारखं चालत होतं. खरं सांगतो, त्या चढावर मी फार खूश होतो.

दवाखान्यापाशी गाडी लावली. हातमोजे चढवले, दोऱ्या सोडल्या, माझं टोक धरलं आणि म्हटलं, "उचल."

काच हलली नाही.

"अगं, उचल."

डॉक्टरीणबाई दारात आल्या होत्या. त्यांनी काचेच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुणाला सांगताय?" त्यांनी विचारलं. "एकटेच आलात?"

मी काचेतून पलीकडे बघितलं. पलीकडे भिंत दिसत होती. मला रागच आला. काच पोचवायच्या दिवशी घरी राहायचं म्हणजे काय? यायचं नव्हतं तर सकाळीच सांगायचं. मी हातमोजा काढून फोन लावला.

फोन गाडीत वाजला. सीटवरच्या पिशवीत.

पिशवीकडे बघत मी उभा राहिलो आणि सकाळ एकेक करून परत आली. अबोला आला, हॉर्न आले, बाटल्या आल्या, आणि सगळ्यात शेवटी 'तोंड धुऊन येते, थांबा' आलं. दोऱ्या पुन्हा आवळल्या. गाठ चार वेळा चुकली.

पंपावर हवा भरायच्या यंत्रापाशी ही खुर्चीवर बसली होती. पंपवाली शेजारी उभी. मला बघून तीच रडवेली झाली. "काका, मी आपली सवयीने थाप मारली हो! मला काय माहीत?"

"तुमची काही चूक नाही," ही तिला म्हणाली. "आणि यांचीही नाही. थाप ऐकली की हे निघतातच. किती वर्षांची सवय आहे ती." मग गाडीत बसून दार लावल्यावर हळूच म्हणाली, "थोरलीला काही सांगायचं नाही. काच पोचवू आणि घरी जाऊ. एवढं काय झालंय?"

अबोला सुटला होता. सबब तयार होती, ती खोटीही नव्हती, आणि मला ती मनापासून आवडली होती. मी किल्ली फिरवायला हात पुढे केला.

"मी तुला फोन केला," मी म्हटलं.

"वाजला असेल पिशवीत."

"तू कुठे आहेस म्हणून नाही केला. आज आली का नाहीस, हे विचारायला केला. मला वाटलं, तू घरी आहेस."

मी तिच्याकडे बघितलं. कामाच्या वेळी मी एरवी बघत नाही. तिने पदर तोंडाशी धरला होता.

"मला भीती वाटते गं," मी म्हटलं, आणि किल्ली काढून तिच्या मांडीवर ठेवली. "लाव फोन थोरलीला."

थोरली रिक्षाने आली. माझ्या जागेवर बसली, सीट पुढे ओढली, आरसा तिच्या उंचीला वळवला. ही मध्ये सरकली. मी दाराशी बसलो, हिच्या जागेवर.

"पंच्याण्णव भरलंय," मी थोरलीला सांगितलं. "पंच्याण्णवच घालायचं. एक्क्याण्णवने चढाला टकटक करते. लक्षात ठेव."

"ठेवते बाबा."

गाडी तशीच उभी होती. ही माझ्याकडे बघत होती. मग माझ्या ध्यानात आलं, दाराशी आता मी आहे. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"काय झालं?" थोरलीने दचकून विचारलं. "काही राहिलं का?"

"काही नाही," ही म्हणाली. "निघ म्हणतायत."