डाव्या मनगटावरचं घड्याळ

घड्याळ वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्यावर जो आळ घ्यायला निघालो होतो, त्याची ही भरपाई समजा.

म्हापशाचा गौरेश ते घेऊन आला. वीस वर्षांपूर्वी तो डिचोलीत माझ्याकडे काम शिकला. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, पण मला अजून मेस्त, म्हणजे उस्ताद, म्हणतो. एका नव्या कंपनीचा नमुना होता: लग्नाकार्यात घालायचं पातळ घड्याळ, बेताच्या किमतीचं, ऑटोमॅटिक. म्हणजे आत सेल नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंगला आपोआप चावी बसते. तबकडी फिक्या मधाच्या रंगाची, आणि तिच्यावर सुपाच्या विणीसारखी बारीक नक्षी उठवलेली. गौरेश म्हणाला, महिनाभर मनगटावर वापरून बघा, मग उघडूनही बघा. तुम्ही हो म्हणालात तरच मी माल मागवतो.

अडतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला असं कुणी विचारलं की बरं वाटतं. आणि मला बरं वाटावं असं त्या दिवसांत दुसरं काही घडत नव्हतं. जूनमध्ये माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय दोनेक महिन्यांत ताळ्यावर आला, तोंड सरळ झालं, पण डावा हात आपला पाहुण्यासारखा मांडीवर बसून राहिला. लोकांना वाटतं, घड्याळजीचं सगळं काम उजव्या हाताचं. चिमटा उजवा हात धरतो हे खरं, पण घड्याळ धरतो डावा. तो डळमळला तर उजव्याने कितीही कसब दाखवलं तरी स्क्रू जागेवर जात नाही.

दुकान तेव्हापासून बंद होतं. शेजारच्या मोबाईलवाल्याला ती जागा हवी होती, आणि माझा मुलगा देवेश, जो तुयेच्या औषध कारखान्यात कामाला आहे, त्याचं म्हणणं होतं की देऊन टाकूया. मुलगा वाईट नाही. मी घरी बसून आराम करावा असं त्याला मनापासून वाटतं. आराम हा शब्दच मला आवडत नाही. शेवटी ठरलं असं: दिवाळीपर्यंत हात कामाला लागला तर दुकान राहील, नाहीतर किल्ली मोबाईलवाल्याकडे.

म्हणून गौरेशचं घड्याळ मी मुद्दाम डाव्या मनगटावर बांधलं, म्हणजे बायकोकडून बांधून घेतलं. मनात हिशेब साधा होता. हात हलेल तर घड्याळ चालेल. फिजिओथेरपीच्या शुभांगीबाई शिरगावहून आठवड्यातून दोनदा येत आणि दर खेपेला सुधारणा आहे म्हणत, पण गोड बोलणं हा त्यांच्या कामाचाच भाग. घड्याळाला गोड बोलता येत नाही. ते काय ते खरं सांगेल, असं मला वाटलं.

रविवारी संध्याकाळी पूर्ण चावी भरून बांधलं, मंगळवारी सकाळी बंद. पूर्ण चावी भरली तर हे चाळीस तास चालतं, आणि ते बरोबर चाळीस तासच चाललं होतं. माझ्या हाताने त्यात मिनिटाची भर घातली नव्हती. त्या दिवशी मी शुभांगीबाईंना दारातूनच परत पाठवलं आणि जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, तोंड करून पडून राहिलो. सकाळच्या फेरीत पोदेराने दिलेला पाव तसाच ताटलीत वातड झाला. संध्याकाळी देवेशने विचारलं, चावी किती भरायची, तर मी तुसडेपणाने म्हणालो, चोवीस फेरे, आणि मोजून. त्याने भरली, मोबाईल बघून वेळ लावली आणि पुन्हा माझ्या हातावर बांधलं. कमलाक्षी, माझी बायको, शेजारी उभी राहून बघत होती.

त्यानंतर घड्याळ बंद पडलं नाही.

गुरुवारी चाललं, शुक्रवारी चाललं, शनिवारी तर मी सकाळपासून दर तासाला बघत होतो. आठवडा गेला, दुसरा गेला. मी शुभांगीबाईंना परत बोलावलं. सकाळ-संध्याकाळ व्यायाम सुरू केला, दोरी ओढ, चेंडू दाब, भिंतीवर बोटं चालव. रोज सकाळी घड्याळ मोबाईलशी ताडून मी वहीत लिहीत होतो: पाच सेकंद पुढे, पाच सेकंद पुढे, पुन्हा पाचच. इतर नोंदीही होत्या. सोनेरी काटे त्या नक्षीत संध्याकाळी हरवतात, वेळ पटकन दिसत नाही. पट्टा सुमार, घामाने लगेच कडक होईल. काच मात्र चांगली, आणि सदऱ्याच्या बाहीत अडकत नाही. भेटायला येईल त्याला मी हात पुढे करून दाखवी आणि सांगे, हे माझ्या हातावर चालतंय, डाव्या.

कुठल्याही गिऱ्हाइकाने मला ही पाचपाच सेकंदांची वही दाखवली असती तर मी त्याला हसलो असतो. अर्धवट भरलेलं घड्याळ असं शहाण्यासारखं चालत नाही, ते कधी मागे रेंगाळतं, कधी पुढे पळतं. रोज एकाच वेळी, एकसारखी चावी मिळणारं घड्याळच इतकं नेमाने चालतं. हे मला अडतीस वर्षं ठाऊक होतं. पण त्या पंधरवड्यात मला ते आठवायचंच नव्हतं.

मग कमलाक्षी हळर्णला माहेरी गेली, भाचीच्या साखरपुड्याला. शुक्रवारी सकाळची पहिली बस, मी अंघोळीला जाण्याच्या आधीची. शनिवारी सकाळी मोबाईलशी ताडायला बघितलं तर सेकंदाचा काटा उभा होता.

पहिला राग आला तो घड्याळाचा. स्वस्तातला माल, दुसरं काय. गौरेशला फोन लावायला घेतला, सांगणार होतो की अडकतं, आत काहीतरी खोट आहे, मागवू नको. नंबर दाबायच्या आधी अंगवळणी पडलेलं काम हाताने केलं: घड्याळ सोडवून मेजाच्या कडेशी पोटाने दाबून धरलं आणि उजव्या हाताने चावीचे दहा फेरे दिले. काटा लगेच निघाला, अगदी सहज. घड्याळ ठणठणीत होतं. ते फक्त उपाशी होतं, आणि इतके दिवस त्याला जेवायला घालणारं माणूस हळर्णला गेलं होतं.

मी फोन खाली ठेवला. लाज वाटली, ती फसलो म्हणून नाही, तर एका निर्दोष घड्याळाला खोटं पाडून माझा हात खरा ठरवायला निघालो होतो म्हणून. त्या रात्री मी मनातल्या मनात दुकानावर पाणी सोडलं.

रविवारी दुपारी कमलाक्षी आली. पिशवीत नारळ, वाल, साखरपुड्याचे लाडू. ती कदेलाच्या पाठीला टेकायच्या आत मी घड्याळ तिच्यापुढे ठेवलं. तिने ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आढेवेढे घेतले नाहीत.

"तुमी न्हांवक गेलात की मी चावी देय होतंय," ती म्हणाली. "चोवीस फेरे. रोज." अंघोळीला जाताना मी घड्याळ तिच्याकडेच काढून देत असे.

मी बराच वेळ बोललो. डिचोलीत मला कुणी फसवू शकलं नाही आणि घरात तू फसवलंस, लोकांना हात दाखवत सुटलो, माझं हसं केलंस, असं सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की त्या मंगळवारी तुम्ही जनेलाकडे तोंड करून पडलात, तसे आणखी आठ दिवस पडला असता तर उठला नसता. घड्याळ चाललं म्हणून तुम्ही चेंडू दाबलात. हातात काय फरक पडला ते तुम्ही बघतच नाही, तुमचं लक्ष काट्यावर.

तिने लाडू उचलून माझ्या डाव्या तळव्यावर ठेवला. बोटं वळली. घट्ट नाही, पण वळली, आणि लाडू पडला नाही. शुभांगीबाई दोन आठवडे हेच सांगत होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

रडून झाल्यावर मी स्वतःशी खरं बोललो. लाडू धरणारा हात घड्याळ धरू शकत नाही. दिवाळी तीन आठवड्यांवर होती, तोवर तो धरणारही नव्हता. गौरेशला घड्याळ उघडून बघायचं वचन दिलं होतं, तेही राहिलं होतं. मी हत्यारांची पेटी मागितली, भिंग डोळ्याला लावलं आणि कमलाक्षीला म्हटलं, हे दोन बोटांत धर, आणि मी सांगेपर्यंत हलू नको.

तिने धरलं. मी उजव्या हाताने मागचं झाकण फिरवलं, उचललं, रोटरचा, म्हणजे त्या फिरत्या वजनाचा, स्क्रू सोडवला, आतली चाकं एकेक बघितली. दहा-बारा मिनिटं गेली असतील. तिचा हात एकदाही डळमळला नाही. गौरेशचा हात हे शिकायला सहा महिने घेऊन बसला होता. अडतीस वर्षं ही बाई दुपारचा डबा दुकानाच्या दारात देऊन परत गेली, आणि मी तिला आत ये, बस, असं एकदाही म्हटलं नव्हतं.

झाकण लावून मी गौरेशला फोन केला. यंत्र चोख, काटे बदलायला सांग, पट्टा आपला घाल, पण मागव. आणि बसून राहणाऱ्या माणसाला विकू नको, विकलंस तर रोज चावी द्यायला सांग. संध्याकाळी देवेश आला तेव्हा त्याला सांगितलं की दुकान सोडायचं नाही, उद्या तुझी आई माझ्याबरोबर येते आहे, घड्याळ धरायला. तो आईकडे बघत राहिला. तिने मान हलवली, पण स्वयंपाकघरात गेल्यावर मला आत बोलावून घेतलं.

"आणि तुमचो हात बरो झालो मगे?" तिने हळूच विचारलं. मगे, म्हणजे त्यानंतर, तिने पुन्हा घरी बसायचं ना, असं त्यामागे होतं, आणि ते ती बोलली नाही तरी मला ऐकू आलं.

"मगेय ये," मी म्हणालो.