एकटीपुरता स्वयंपाक

शुक्रवारी मधलीने घरी फोन केला आणि बाबांना सांगितलं, मला घ्यायला या. का, ते सांगितलं नाही. सांगून कुणाला पटणारही नव्हतं, कारण निमित्त एका स्वेटरचं होतं.

मधली म्हणजे तीन भावंडांतली मधली; तेच तिचं नाव होऊन बसलं होतं. आई गेली तेव्हा दादाची परीक्षा होती, धाकटा अजून बुटांच्या नाड्या बांधायला शिकत होता, आणि बाबांना चहापलीकडे काही येत नव्हतं. शाळेतून आलेल्या मधलीने ओट्याशी स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि भात टाकला. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे कुणी नको असंही म्हटलं नाही. दादाचं लग्न झालं, वहिनी नोकरी करणारी. पानं वाढली, वाढणारी तीच राहिली. सगळ्यांचं झालं की पातेल्यात जे उरेल ते ती ओट्याशी उभ्यानेच खायची. गरम अन्न वाढण्यासाठी असतं आणि निवलेलं खाण्यासाठी, अशी त्या मुलीची अगदी प्रामाणिक समजूत होती.

मग पंचविशी उलटल्यावर एक दिवस तिने बॅग भरली. दुसऱ्या गावात लाँड्रीत नोकरी धरली, खोली भाड्याने घेतली. मला माझं असं सुखाने राहायचंय, एवढंच म्हणाली. दादा म्हणाला, चार दिवसांची हौस आहे, येईल परत. बाबा काहीच म्हणाले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

आता सुखाने राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे ज्याला कधी कुणी विचारलं नाही त्याला कसं ठाऊक असणार? दिवसभर ती लोकांच्या शर्टांना खुणेच्या चिठ्ठ्या टाचायची, डाग शोधायची, तुटलेली बटणं लावायची. संध्याकाळी खोलीवर यायची. खिडकीतून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसायचे, नळ चापट मारल्याशिवाय बंद व्हायचा नाही. मधली पलंगावर बसून भिंत बघायची आणि झोप यायची वाट पाहायची.

लाँड्रीत इस्त्रीवर उभी राहणारी एक बाई होती. तोंडाला खळ नाही म्हणून तिला सगळे वटवट म्हणत. तिच्याकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं: हाताला काम द्यावं, काहीतरी आपल्या हाताने करावं, दोन घास नीट शिजवून खावेत, मन आपोआप ताळ्यावर येतं. तिने जुन्या शर्टांची पायपुसणी केली होती, चादरींचे अभ्रे केले होते, बरण्यांच्या झाकणांना लोकरीच्या टोप्या घातल्या होत्या. घरात विणायचा राहिला होता तो फक्त नवरा.

बुडत्याला काडीचा आधार. मधलीने वटवटीचं म्हणणं पदराला गाठ मारल्यासारखं जपलं. कुणी न्यायला न आलेल्या चादरीचा पडदा शिवला. मोडक्या स्टुलाला दोरी विणून बैठक केली. आणि रोज स्वयंपाक करायचा असं ठरवलं.

तिथेच घोडं अडलं. तिच्या हाताला एकटीचा अंदाजच नव्हता. लहान वाटीने तांदूळ घ्यावेत, तर हात मनात म्हणायचा, एवढ्याने काय होणार? आणि आणखी दोन मुठी पडायच्या. भाजी चिरायला बसली की कांदे संपेपर्यंत थांबायची नाही. मग पातेलंभर अन्न, खाणारं तोंड एक. टाकून देववत नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच, गारढोण, ओट्याशी उभ्याने. घर सोडलं, पण उरलंसुरलं खाणं काही सुटलं नाही. रोज घास घशाखाली ढकलताना ती स्वतःला सांगायची, होईल सवय. होत नव्हती.

तरी तिने हार मानली नव्हती, कारण स्वेटर चालला होता. मोहरीच्या रंगाची जाड लोकर, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी घातलेले टाके. घरातल्या सगळ्यांचे स्वेटर तिनेच विणलेले, त्यामुळे बोटांना विचार करावा लागत नव्हता. संध्याकाळी सुया हातात घेतल्या की खोली तेवढीशी अंगावर येत नसे. हा पूर्ण झाला की आपल्याला इथे जमलं असं समजायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

शुक्रवारी कामावरून आल्यावर तिने शेवटची बाही जोडली आणि स्वेटर अंगात घातला. खांदे कोपरापाशी आले. हात बाह्यांत गडप झाले. खालचा काठ गुडघ्यांना टेकला. टाक्याटाक्याने, जराही न चुकता, तिने बाबांच्या मापाचा स्वेटर विणला होता.

आधी तिला हसूच आलं. मग वाटलं, उसवावा आणि आपल्या मापाचा विणावा. आणि मग कळलं की आपलं माप आपल्याला ठाऊकच नाही. दादाचा गळा, धाकट्याची बाही, वहिनीची कंबर तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. स्वतःच्या खांद्याला वीत लावायला गेली तर हात पुरेना. तेव्हा तिला भीती वाटली. रडू नाही, भीती. त्या सगळ्यांमधून बाजूला काढल्यावर आपण म्हणून काही उरतच नाही, असं तिला वाटलं. तशीच त्या ढगळ स्वेटरमध्ये बसून तिने फोन लावला.

शनिवारी खोली सोडत असल्याचं तिने खाली राहणाऱ्या मालकीणबाईंना सांगितलं. बाईंकडे दुसरी भाडेकरू तयारच होती. रविवारी संध्याकाळी सामान घेऊन ये, असं त्यांनी त्या नव्या मुलीला तिथल्या तिथे कळवूनही टाकलं. तांदळाचा डबा सोडून बाकी डबे-बरण्या मधलीने वटवटीला दिल्या. वटवटीने त्या एकेक पुसून पिशवीत भरल्या. दुपारी मधलीने स्वेटर ओढून ओढून उसवला. लोकरीचा ढीग पलंगावर तसाच पडून राहिला.

रविवारी सकाळी तिला भूक लागली. बाबा दुपारपर्यंत येणार होते. डब्याच्या तळाशी मूठभर तांदूळ होते. एक बटाटा, लसणाच्या चार पाकळ्या, बाटलीच्या बुडाला तेल. हाताला उधळायला काही उरलंच नव्हतं. तिने तांदूळ शिजत टाकले. बटाट्याचे पातळ काप केले, लसूण लाल होऊ दिला, त्यावर काप टाकून मंद आचेवर परतत राहिली. तव्यासमोरून हलली नाही. भात ताटात काढला, कडेला बटाटा, आणि पातेल्यात वाकून पाहिलं. पातेलं रिकामं होतं.

ताटातून वाफ येत होती. ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग ताट जमिनीवर ठेवून, मांडी घालून, त्या खोलीत पहिल्यांदा जेवायला बसली. एवढ्यात दार वाजलं.

बाबा एक मोठी रिकामी पिशवी घेऊन आले होते. पहिल्या बसने निघाले होते, चहावर. आत आले, खोलीभर नजर फिरवली, वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. नळाखाली हात धुतले आणि सरळ ताटासमोर येऊन बसले. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. तिने वाढलेलं ताट आपलं असतं, हे त्यांना श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं. आणि तिच्या हातानेही सवयीने ताट त्यांच्याकडे सरकवलं.

सरकवलं, आणि काठ सोडेना.

“बाबा, हे माझं आहे,” ती म्हणाली. आवाज इतका चिरका निघाला की तीच दचकली. “आधी मी जेवते. तुम्ही थांबा.”

तिने ताट ओढून घेतलं आणि खाऊ लागली. भात पोळत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती थांबली नाही. आपण थांबलो तर दुसरा घास उचलता येणार नाही हे तिला माहीत होतं. बाबांचा हात हवेत राहिला होता तो हळूच मांडीवर आला. आधी त्यांना राग आला असावा. मग ते नुसते बघत राहिले. बटाट्याची कुरकुरीत कड तिने शेवटी ठेवली होती, तीही खाल्ली. किती चांगली झाली होती. तिच्या हातची जी चव सगळं घर वाखाणायचं, ती तिला आज कळली.

“मी येत नाही, बाबा,” ती म्हणाली.

“मग फोन कशाला केलास?”

“तेव्हा मी जेवले नव्हते.”

बाबांनी पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. रिकाम्या ताटाकडे बघत ते म्हणाले, “तुला जेवताना मी कधी बघितलंच नव्हतं गं.”

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तिला वेळ नव्हता. नवी भाडेकरू संध्याकाळी यायची होती. मधली उठली आणि उष्ट्या हातानेच जिना उतरून मालकीणबाईंचं दार ठोठावू लागली.