कूलरची बादली

कुडव्यातल्या दुलीचंद बिसेनांना कूलरमधलं कळतं, असा गावात समज होता. तो त्यांनीच पसरवला होता. विजेच्या खात्यात पस्तीस वर्षं घरोघरचे मीटर वाचताना उन्हाळ्यात ते एक सल्ला फुकट देत. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत धानाची रोवणी करता येईल.

कूलरला एका दुपारीत बारा बादल्या पाणी लागायचं. आधी ते सुशिलाबाई भरत. त्यांचे गुडघे गेले आणि बादली नवऱ्याच्या हाती आली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापते दिवस, लागला की दुलीचंदजी ती उचलत आणि सेवानिवृत्ती म्हणजे नेमकं काय, याचा विचार करत.

म्हणून २०११च्या मे महिन्यात त्यांनी एसी घेतला. पाच स्टारचा. स्टार जितके जास्त, तितकी वीज कमी, हे त्यांनीच दुकानदाराला समजावलं. कूलर बैठकीत गेला, बादली न्हाणीत उलटी झाली.

चार दिवस एसी अखंड चालला. खोली काही गार होईना. मीटरवरचा लाल दिवा असा लुकलुकत होता की पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच दुलीचंदजी मीटर चुकवून घरात शिरू लागले.

पाचव्या दिवशी दुकानातून दुर्गेश्वरी एसी बघायला आली. शेजारच्या श्यामलाल पटल्यांची मुलगी, आयटीआय शिकलेली. तिनं जाळी धुतली, हवेला हात लावला आणि मागं वळून पाहिलं.

"काकाजी, खिडकी काऊन उघडी आहे?"

"हवा निघाले पायजे ना."

"ते कूलरचं. कूलर ओली हवा फेकते, तिले वाट लागते. हा खोलीतलीच हवा फिरवून गार करते. तुमी चार दिवसांपासून अख्खा कुडवा गार करून राहिले."

"मंग हे पाच स्टार?"

"खिडकी लावली तर पाच."

"तुले कोणं सांगतलं?"

"आयटीआयत. उघडी ठेवाचं तर तुमीच सांगत होते. माह्या बापानं तुमच्या बोलण्यावर भिंत फोडून खिडकी केली."

दुलीचंदजी खिडकी लावायला उठले. पंचवीस उन्हाळे उघडी राहिलेली खिडकी लागेना. शेवटी फटीत पेपर कोंबला. अर्ध्या तासात खोली गार झाली, मीटरचा दिवाही दमानं लुकलुकू लागला. दुलीचंदजींनी मे महिन्यात चादर पांघरली. डोळा लागणार, तोच सुशिलाबाई पलंगावरून उठल्या.

"कुठं चाल्लीस?"

"बैठकीत. बंद खोलीत माहा जीव घाबरते."

"अव, पाच स्टार आहे."

"असू द्या. तुमी झोपा."

बैठकीत कूलर सुरू झाला. पंपाचा कोरडा खडखडाट दुलीचंदजींनी डोळे मिटून ऐकला. मग न्हाणीतून बादली सरळ केल्याचा आवाज आला, आणि त्यामागून गुडघ्यांवर हात ठेवून सोडलेला एक उसासा.

ते उठले. आधी एसी बंद केला. रिकामी खोली गार करायची तर पाचही स्टार वायाच. मग बायकोच्या हातून बादली घेतली.

तिसरी बादली ओतली तेव्हा सुशिलाबाई दिवाणावर टेकल्या होत्या.

"टिंकूचे बाबा, समोरची खिडकी उघडा जी. तुमीच सांगता ना."

दुलीचंदजींनी खिडकी उघडली आणि चौथी आणायला गेले.